एकोणीस भोकांची फाइल

लिफ्टच्या फाइलीच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची एकोणीस भोकं होती. कक्ष अधिकारी बाईंनी ती भिंगाखाली मोजली होती. रसायनशास्त्राची पदवी कुठेतरी वापरायला हवीच ना! फाइल सहीसाठी वर गेली की एक भोक वाढायचं, आणि संचालकसाहेब "बघू" म्हणून ती खाली पाठवायचे. सरकारी रुग्णालयातली लिफ्ट सात वर्षं बंद होती. पेशंटला खुर्चीत बसवून तीन मजले उचलून न्यावं लागे.

आज संसदीय समिती साहेबांनाच जाब विचारणार होती.

"घाबरता काय, बाई?" साहेब म्हणाले. "बावीस वर्षांत मी समितीचा एकही प्रश्न ऐकलेला नाही! तुम्ही क्रमाने चिठ्ठ्या द्या, मी क्रमाने वाचतो. विषय संपला!"

बाईंनी पाच प्रश्नांच्या पाच चिठ्ठ्या क्रमांक घालून दिल्या: पलंग, डॉक्टर, उंदीर, साहेबांच्या दालनातला एसी आणि शेवटी लिफ्ट.

पलंगांचा प्रश्न विचारणारे खासदार सर्दीने घरीच राहिले. अध्यक्षबाईंनी थेट दुसरा प्रश्न घेतला. साहेबांनी पहिली चिठ्ठी उचलली.

"रुग्णालयात डॉक्टर किती?"

"बारा," साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं. "त्यातले चार गंजले होते. रंग देऊन पुन्हा वॉर्डात ठेवले आहेत."

मागच्या रांगेत बाई चटकन पुढे सरकल्या: ही तर पलंगांची चिठ्ठी! शेजारी साक्षीला आलेली रुग्णालयाची मेट्रन एकदम ताठ बसली.

"आणि उंदरांचं काय?" अध्यक्षबाईंनी सावधपणे विचारलं.

"तीन रजेवर आहेत. बाकीचे वेळेवर येतात, सही करतात."

मागे बसणाऱ्यांनी बोलायचं नाही, असा समितीचा नियम. बाईंनी घाईघाईने 'एक चिठ्ठी सोडा!' असं खरडून कागद पुढे सरकवला. त्यावर क्रमांक नव्हता. साहेबांनी तो न वाचता गठ्ठ्याच्या तळाशी घातला.

"बरं, तुमच्या दालनात सध्या काय परिस्थिती आहे?"

"एक मोठा अजून आत आहे. दिवसभर खातो, कोणाला दाद देत नाही. पिंजरा लावला आहे."

मेट्रनला खोकल्याची उबळ आली. निदान तिने तसं दाखवलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

"आता लिफ्ट. सात वर्षं झाली, साहेब!"

"मंजुरी दिली आहे. सोमवारी माणसं येतील. एक दिवसही उशीर खपवून घेतला जाणार नाही!"

मेट्रनचा खोकला थांबला.

"वा!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि तुमचा एसी?"

साहेबांनी पाचवी चिठ्ठी उचलली. "बाब विचाराधीन आहे."

"म्हणजे आधी लिफ्ट, मग एसी! साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. लिफ्टचं आश्वासन म्हणून नोंदवू? संसदेपुढे जाईल."

हा प्रश्न मात्र साहेबांनी ऐकला, कारण क्रमांकाच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या; उरला होता तो बाईंचा बिनक्रमांकाचा कागद. त्यांनी तो वाचला: 'एक चिठ्ठी सोडा!' मग मान वळवली.

"बाई, कुठून?" ते कुजबुजले.

"पहिल्यापासून, साहेब."

उत्तर दुरुस्त करायचं, तर पाचही करावी लागणार होती. गंजलेल्या डॉक्टरांपासून! साहेबांनी मेट्रनकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच चिठ्ठीशिवाय बोलले.

"नोंदवा. सोमवारी लिफ्टचं काम सुरू."