नानांचा तळहात

सूक्ष्मदर्शकात पाहताना नाना डावा डोळा तळहाताने झाकत. आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेत त्यांच्याइतकं पेशींतलं कळणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मीही डोळा झाकू लागलो. पुढे माझे विद्यार्थीही.

नाना मूळचे धुळ्याकडचे, आमचे तंत्रज्ञ; बोलण्यात अहिराणी, 'आहे'चं 'शे'. यावलच्या पाड्यांवरून रक्ताचे नमुने आले की विळ्यासारखी वाकडी पेशी ते क्षणात टिपत आणि म्हणत, "बठ्ठं दिखस, सर." सगळं दिसतंय. मला मात्र फार काही दिसत नसे. एकदा मी दोन तास खपून एका लांबट जंतूचं चित्र काढलं. नाना ते पाहून शांतपणे म्हणाले, "पापणीचा केस शे."

नव्वदच्या आसपास जळगाव आणि धुळ्यातल्या तीन संस्थांनी मिळून आमच्याकडे नवा सूक्ष्मदर्शक घ्यायचं ठरवलं. दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दोन नळ्यांचा, अंधारात पेशी रंगीत चमकवणारा. अट एकच : जुना निरुपयोगी झाल्याचा कागद मार्चआधी जायला हवा, आणि त्यावर तो सांभाळणाऱ्याची म्हणजे नानांची सही हवी.

कारणाच्या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं : 'एकाच डोळ्याने पाहता येते.' लिहून झाल्यावर स्वतःवर खूशही झालो.

नानांनी कागद वाचला, घडी घातली आणि काचपट्ट्यांच्या खणात ठेवून दिला. महिना गेला. विचारलं की म्हणत, "जुनं चांगलं चालतंय. घाई कसली?" धुळ्याच्या संस्थेतल्या डॉक्टरांची कागदासाठी दोन पत्रं आली. तिसरं आलं तेव्हा नाना सूक्ष्मदर्शकात पाहत होते; माझा तोल गेला.

"नाना, दोन डोळ्यांनी पाहायला तुमचं काय जातं हो?"

नानांनी काचपट्टी बाजूला ठेवली आणि तळहात खाली घेतला. इतक्या वर्षांत तो डोळा मी जवळून पाहिलाच नव्हता; एरवी तो काळसर चष्म्यामागे असे. बुबुळावर पांढरा पडदा होता.

"दहा वर्षांचा होतो. कापूस वेचताना पऱ्हाटीची वाळकी काडी घुसली. नोकरी लागताना कोणाला सांगितलं नाही." मग खणाकडे बघत म्हणाले, "तुम्ही त्यात लिहिलंय ते माझंच शे, सर. उद्या माझाही असाच कागद निघंल."

मी तो कागद फाडला. नव्यावर लिहिलं : 'सुटे भाग मिळत नाहीत.' हेही खरंच होतं, आधी सुचलं नव्हतं इतकंच. नानांनी सही केली, पण त्यानंतर ते फारसे बोलेनात.

पावसाळ्यात यंत्र आलं. कंपनीचा माणूस जोडणी करून चहाला गेला. नाना दाराशीच उभे. मी स्टुलावर बसलो, डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजवा एका नळीला लावला. काळोखात हिरव्या पेशी लखलखत होत्या.

"बठ्ठं दिखस, नाना. एका डोळ्यानंही."

ते जवळ आले. मग माझं मनगट धरून हात खाली घेतला.

"सरका आता. आणि झाकत नका जाऊ, सर. तुमना तं चांगला शे."