न पेटणारा सोफा

"दुसरं काहीही न्या, पण सोफा राहू द्या," बायको म्हणाली.

फॉस्फरसराव त्या वेळी बैठकीच्या खोलीत कमरेवर हात ठेवून उभे होते आणि सोफा दारातून आडवा निघेल की तिरका, याचा अंदाज घेत होते. फॉस्फरसराव हे अर्थात त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. कारखान्यात सगळे त्यांना तसं म्हणत, आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि आता तर शेजारीपाजारीही. उभा जन्म त्यांनी एकाच कामात घातला होता. फिनॉल आणि फॉस्फरसचा एक धूर ओकणारा, डोळ्यांना झोंबणारा द्रव एकत्र तापवायचा, त्यातून निघणारा आम्लाचा वायू पाण्यात जिरवायचा, उरलेलं तेल क्षाराच्या पाण्याने धुऊन शुद्ध करायचं. हे तेल घालून केलेला फोम पेटत नाही. ज्योत लावली की काळा पडतो आणि ज्योत काढली की विझतो. एवढ्या एका गुणावर फॉस्फरसरावांचं कारखान्यातलं खातं चाललं होतं, आणि अलीकडे तेही धड चालत नव्हतं.

"अगं, पण राहू का द्यायचा?"

"जुना झालाय तो."

"जुना आहे म्हणूनच तर हवाय."

झालं होतं असं की मालकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं आणि बसा असंही न म्हणता सांगितलं होतं, की एखादी मोठी ऑर्डर आणा, नाहीतर वर्ष संपताना खात्याला कुलूप. कुलूप म्हणजे खात्यातली सगळी माणसं घरी, आणि त्यातली बहुतेक फॉस्फरसरावांनी स्वतः हाताला धरून तयार केलेली. मोठ्या मिनतवारीने एक गिऱ्हाईक गळाला लागलं. सिनेमागृहांच्या खुर्च्या बनवणारे हे गृहस्थ, म्हणून सगळे त्यांना खुर्चीवाले म्हणू लागले. खुर्चीवाले कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते अडचणीचं असायचं.

"नवा माल सगळ्यांचाच पास होतो," ते बैठकीत म्हणाले होते. "माणसं वर्षानुवर्षं बसल्यावर, घासल्यावर, घामेजल्यावर तुमचं तेल फोममध्ये टिकतं का, ते दाखवा. वापरलेलं काहीतरी आणा आणि माझ्यासमोर पेटवा."

मालकांनी फोरमनकडे बघितलं, फोरमनने पंख्याकडे. खातं हातचं जाणार असं दिसताच फॉस्फरसरावांच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या घरी सोफा आहे."

तो सोफा म्हणजे त्यांची शान होती. पहिल्या जमलेल्या मालातलं तेल घालून त्याचा फोम त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेतला होता. पाहुणे आले की चहाच्या आधी सोफ्याची माहिती यायची. बायको ती माहिती दरवेळी शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग कप आणायला आत जायची.

"मी नवा घेऊन देते तुम्हाला," ती आता म्हणाली. "माझ्या साठवलेल्या पैशांतून."

"नवा त्यांना चालत नाही, तेच तर सांगतोय."

"मग जरा आत या. मला काहीतरी सांगायचंय."

"संध्याकाळी सांग."

"संध्याकाळी सांगून काय उपयोग?"

तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि फोरमन दोन माणसं घेऊन वर आला. परक्या माणसांसमोर बायको गप्प झाली. फॉस्फरसरावांना वाटलं, हिचा सोफ्यावर जीव आहे. "मला कळतं गं," ते म्हणाले, आणि त्यांना काहीही कळलेलं नव्हतं.

"साहेब, हलका आहे हो," सोफा उचलणारा एक जण म्हणाला.

"हीच तर त्याची खुबी आहे," फॉस्फरसराव म्हणाले. खुबी कोणती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण सोफ्याचं कौतुक आलं की ते नाकारायची त्यांना सवय नव्हती.

कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात सोफा मांडला गेला. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला खुर्चीवाले, आणि मधे पाण्याच्या बादल्या घेऊन कारखान्याचा फायरमन. एवढ्यात कार्यालयातला शिपाई धावत आला. "साहेब, घरून फोन होता. निरोप दिलाय, पेटवू नका म्हणून."

"बायकांचा वस्तूंवर जीव असतो," फॉस्फरसराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मालक समजूतदारपणे हसले. खुर्चीवाल्यांनी मात्र आधी सोफ्यावर बसून बघायची इच्छा व्यक्त केली.

ते बसले, जरा हलून बघितलं, पुन्हा बसले. "छान मऊ आहे. आणि वास अजिबात नाही. तुम्ही पाठवलेल्या नमुन्याला तर दवाखान्यासारखा वास होता."

"कसला वास?" फॉस्फरसराव म्हणाले.

"कसला वास?" फोरमनही म्हणाला.

खुर्चीवाल्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. फिनॉलच्या सहवासात वर्षानुवर्षं काढलेल्या त्या दोन नाकांना ते काय म्हणतायत याचा पत्ताच नव्हता. मालकांनी घाईघाईने, आता सुरू करा, असं म्हटलं.

फॉस्फरसरावांनी बर्नर हातात घेतला. छोटंसं भाषण केलं. सोफ्याच्या उशीला ज्योत लावली आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून जरा वेळ तशीच धरली. "आता मी ज्योत काढून घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी ती काढून घेतली. सोफ्याने ते मनावर घेतलं नाही.

"आता विझेल बघा."

ज्वाळा उशीवरून पाठीवर चढली.

"जुना आहे ना, जरा वेळ घेतो."

"पाणी टाकू का साहेब?" फायरमनने विचारलं.

"थांब. पाणी टाकून विझवला तर त्यात आपल्या तेलाचं काय कौतुक?"

फायरमन थांबला. सोफा थांबला नाही. आधी पाठ गेली, मग एक हात, मग दुसरा, आणि काळाकुट्ट धूर नेमका मालकांच्या दिशेने निघाला. खुर्चीवाले एक एक पाऊल मागे सरकत कारखान्याच्या भिंतीला टेकले. फॉस्फरसराव मात्र बर्नर विझवून तिथेच उभे होते आणि अजूनही "आता विझेल" असं म्हणत होते, पण आता ते कुणालाच उद्देशून नव्हतं. शेवटी मालकांनी रुमालातून ओरडून पाणी टाकायला लावलं, तेव्हा टाकण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

"यात खरंच तुमचं तेल होतं?" खुर्चीवाल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"मी स्वतः घातलं होतं," फॉस्फरसराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते सगळंच धुराचं नव्हतं. खातं गेलं, माणसं गेली आणि उभ्या जन्माची मेहनत फुकट गेली, एवढंच त्यांना दिसत होतं. मग शिपायाचा निरोप आठवला. हात काजळीने भरले होते म्हणून फोरमनने फोन लावून स्पीकरवर त्यांच्या तोंडापुढे धरला.

"पेटला का?" बायकोने पहिलाच प्रश्न विचारला.

"पेटला."

"कुणाला लागलं नाही ना?"

"नाही. तुला कसं ठाऊक, तो पेटणार म्हणून?"



"त्यातला फोम तुमचा नव्हता," ती म्हणाली. "मी केव्हाच बदलला. तुम्ही कामावर असताना गादीवाल्याला बोलावलं, आतला सगळा काढून न्यायला लावला, साधा भरून घेतला. वरचं कापड तेच ठेवलं."

"पण मी दर रविवारी दुपारी त्याच्यावर झोपतो."

"हो. छान झोप लागते तुम्हाला."

फोरमनने नजर वळवली. खुर्चीवाले पुढे झाले आणि फोनकडे वाकून म्हणाले, "वहिनी, मी यांचं गिऱ्हाईक बोलतोय. फोम का बदललात?"

"वास यायचा हो. डोकं चढायचं. यांना येत नाही, म्हणून यांना खरं वाटत नाही."

मालकांनी डोळे मिटून घेतले. खुर्चीवाले मात्र बराच वेळ त्या काळ्या सांगाड्याकडे बघत उभे राहिले. "माझ्या सगळ्या खुर्च्यांत हाच साधा फोम आहे," ते शेवटी म्हणाले. "थिएटर भरलेलं असतं. इतकी प्रात्यक्षिकं बघितली, सगळीकडे न पेटलेलंच दाखवतात. पेटलेलं आज पहिल्यांदा बघितलं." मग मालकांकडे वळून म्हणाले, "टिकण्याची परीक्षा मी माझ्या माणसांकडून करून घेईन. त्यात पास झालात आणि वास घालवलात तर ऑर्डर तुमची. वास राहिला तर मात्र लोक माझ्या खुर्चीत बसणार नाहीत. मग ती पेटो नाहीतर न पेटो."

खातं तूर्त वाचलं होतं. सगळ्यांनी फॉस्फरसरावांचं अभिनंदन केलं आणि ते त्यांनी मान खाली घालून स्वीकारलं.

संध्याकाळी घरी आले तर बैठकीची खोली भलतीच मोठी दिसत होती. बायकोने सतरंजी घातली होती. दोघं तिच्यावर बसले, भिंतीला टेकून, चहाचे कप जमिनीवर ठेवून.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"सांगितलं होतं. वास येतो म्हणून. तुम्ही हसलात. पुन्हा सांगितलं तर म्हणालात, कुठे आहे वास, दाखव. वास कसा दाखवू?"

"मग फोम बदलल्यावर सांगायचंस."

"त्या दिवशी सांगणारच होते. तुम्ही कुणाला तरी घेऊन आलात आणि सोफ्याचं सांगायला लागलात. इतकं रंगून सांगत होता. मग रोज एक दिवस उशीर होत गेला."

फॉस्फरसरावांनी चहाचा घोट घेतला. "पण त्रास होत असूनही पहिली काही वर्षं काढलीसच की. मग एकदम बदललास का?"

"आईसाठी."

सासूबाई पूर्वी वरचेवर यायच्या. मग यायच्या बंद झाल्या. फॉस्फरसरावांनी एकदा त्यांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं होतं, त्याचाच राग धरला असणार असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते बरंच वाटलं होतं. घर शांत झालं होतं आणि रविवारी दुपारी सोफा मोकळा मिळत होता.

"इथे बसली की तिचं डोकं धरायचं," बायको म्हणाली. "तुमच्यासमोर बोलायची नाही. जावयाने एवढ्या हौसेने केलेला सोफा आहे, त्याला कसं म्हणायचं, म्हणायची. म्हणून मी फोम बदलला आणि तिला कळवलं, आता ये, आता काही त्रास नाही. ती म्हणाली, गुडघे जरा बरे झाले की येते."

पुढचं सांगायची गरज नव्हती. गुडघे बरे झाले नव्हते, आणि मग सासूबाईच राहिल्या नव्हत्या. शेवटच्या त्या दिवसांत फॉस्फरसराव एकदा भेटून आले होते आणि म्हातारी आपल्याशी गोड बोलली याचं त्यांना नवल वाटलं होतं. रागावलेली बाई गोड कशी बोलते, एवढाही विचार त्यांनी केला नव्हता. आता तो करायला हरकत नव्हती, पण त्याचा उपयोग कुणालाच होणार नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खात्यात धुण्याचं काम नव्याने बसवलं. तेलात उरलेलं फिनॉल हेच वासाचं मूळ होतं. क्षाराचं पाणी बदललं, धुण्याचे फेरे वाढवले. उपकरणं म्हणू लागली की माल स्वच्छ आहे. फोरमनचं नाकही तेच म्हणालं, पण त्याच्या नाकावर आता कुणी भरवसा ठेवत नव्हतं. शेवटी फॉस्फरसरावांनी त्या मालाचा एक सोफा करवून घेतला आणि टेम्पोत घालून घरी आणला. टिकण्याच्या परीक्षेत तेल पास झालं होतं, आणि खुर्चीवाल्यांचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी माल न्यायला येणार होता.

"बस, आणि सांग," ते बायकोला म्हणाले.

ती बसली. पाठीला नाक लावून तिने वास घेतला. उशी उचलून घेतला. टेम्पोवाला दारात ताटकळत होता. फॉस्फरसराव तिच्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या बारकाईने त्यांनी तिच्याकडे कधी बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"थोडा येतो," ती म्हणाली.

"कसला वास?" टेम्पोवाला म्हणाला. तोही कारखान्यातलाच.

"तिला येतो ना, मग येतो," फॉस्फरसराव म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे फोरमनला फोन लावला. "उद्याचा माल थांबव. सगळा पुन्हा धुवायला घ्या."

"अहो साहेब, ट्रक सकाळी येणार. माल नाही म्हटलं तर खुर्चीवाले दुसरीकडे जातील. कोण म्हणतं वास येतो?"

"माझी बायको म्हणते."

बायको उठून उभी राहिली. तिचा चेहरा पार उतरला होता. "फोन ठेवा अहो. वास येत नाहीये. अजिबात येत नाही."

"मग आत्ता काय म्हणालीस?"

"उगीच म्हणाले. एकदा बघायचं होतं, तुम्ही ऐकता का ते."

फोरमन फोनवर "हॅलो, हॅलो" करत होता. फॉस्फरसरावांनी उशी उचलून स्वतःच्या नाकाशी धरली आणि खोल श्वास घेतला. त्यांना काहीही कळलं नाही. तिने आधी थट्टा केली होती, की आता पुन्हा त्यांना सांभाळून घेत होती? त्यांनी तिच्या चेहऱ्यावर शोधून बघितलं. इतकी वर्षं लपवायची सवय झालेला तो चेहरा होता, आणि ती सवय कुणामुळे लागली ते त्यांना आता ठाऊक होतं.

"साहेब, मग काय करू?" फोरमनने विचारलं.

"खुर्चीवाल्यांना मी सांगतो," फॉस्फरसराव म्हणाले. "तुम्ही धुवायला घ्या."