दीड वीत जागेचा लॅपटॉप

ज्या घरात एकच टेबल असतं, त्या घराला कायद्यानं चालण्यावाचून गत्यंतर नसतं. दोन टेबलं असलेली माणसं मनाला येईल तशी वागतात. तीनवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. पण टेबल एकच असलं की प्रत्येक वस्तूला हक्क येतो, हक्काला पुरावा लागतो आणि पुराव्यावर हरकत निघते. धामणगाव बढ्यातल्या एका घरी हे सगळं तर होतंच, वर ते चालवायला निवृत्त ग्रामसेवकही घरातच होते. ते म्हणजे वामनराव.

वामनराव थोरले. धाकटे गुलाबराव शेती बघत: भेंडी, वांगी, टमाटे आणि उन्हाळ्यात कांदा. वामनराव घर बघत, म्हणजे मुख्यत्वे टेबल बघत. टेबल सागवानी, सरकारी जुन्या सामानाच्या लिलावात रीतसर बोली लावून घेतलेलं (पावती आहे, विचारू नका, दाखवत बसतील). त्यावरची वस्तुस्थिती अशी: एक चालू टीव्ही. त्याला खेटून एक बंद टीव्ही, कारण बंद पडला म्हणून आपल्या माणसाला कोणी बाहेर काढत नाही. मिक्सर, कारण त्याचा भार सोसणारा प्लग घरात तेवढ्याच भिंतीला. फवारणी पंपाचे वायसर आणि नोझल, बिस्किटाच्या डब्यात. कोकिळाबाईंच्या गुडघ्याची औषधं, चालू एका बाजूला आणि संपलेली दुसऱ्या. वामनरावांना सेवेत मिळालेली स्मृतिचिन्हं, त्यातल्या दोनांवर तर त्यांचं नावसुद्धा बरोबर होतं. आणि लग्नपत्रिका.

पत्रिकांचा गठ्ठा हा टेबलावरचा सगळ्यात जुना कब्जेदार. पत्रिकेवर गणपती छापलेला असतो. त्यामुळे ती फेकता येत नाही, रद्दीत घालता येत नाही, तिच्यावर दुसरी वस्तूही ठेवता येत नाही. वाहत्या पाण्यात सोडावी लागते. वाहतं पाणी नळगंगा नदीला पावसाळ्यात असतं आणि पावसाळ्यात शेतीची कामं असतात. परिणामी ज्यांच्या लग्नाच्या त्या पत्रिका, त्यांची पोरं शाळेत जाऊ लागली तरी पत्रिका टेबलावरच होत्या.

टेबलाचा नियम साधा होता. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत जी वस्तू जागची हलली नाही, तिचं अतिक्रमण नियमित झालं. या नियमामुळे घरात कधी भांडण झालं नाही. टेबलावर कधी कोणी बसून काही लिहिलंही नाही, पण ती गोष्ट वेगळी.

अशा सुव्यवस्थित घरात गुलाबरावांच्या प्रतीक्षानं एक दिवस जेवताना गेमिंग लॅपटॉप मागितला.

प्रतीक्षा मोताळ्याला बीएस्सी करत होती आणि फावल्या वेळात मोबाइलवर बंदुका चालवत होती. कानाला हेडफोन लावून ती लोणारच्या डिंपलला सूचना द्यायची: डावीकडून ये, भिंतीआड थांब. घरच्यांना वाटे, पोरीनं चांगल्या मैत्रिणी जोडल्या. चांगल्या होत्याच. त्यांचा संघ एका राज्यस्तरीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता, आणि अंतिम फेरी मोबाइलवर चालणार नव्हती, कॉम्प्युटर लागणार होता. तिथून निवडलेल्या मुलींना पुण्यातला एक संघ ठेवून घेणार होता, राहणं, खाणं आणि पगारासकट. प्रतीक्षाला तिथं जायचं होतं. आजवर तिला इतकं कुठंच जायचं नव्हतं.

गुलाबराव लगेच हो म्हणाले. त्या साली टमाट्यानं हात दिला होता, पैशाची अडचण नव्हती. वामनरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि मूळ मुद्द्याला हात घातला.

"घेऊ ना. पण ठेवशीन कुठं?"

लॅपटॉप निवडण्याचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे. शहरातले लोक आधी प्रोसेसर बघतात, मग ग्राफिक कार्ड, मग रॅम, आणि वस्तू घरी आल्यावर इकडेतिकडे बघत बसतात. याला बेशिस्त म्हणतात. आधी जागा, मग लॅपटॉप, आणि यातून काही उरलंच तर गेम, असा वामनरावांनी क्रम लावून दिला.

फ्रिजच्या दारावर नोटीस लागली. हरकती आणि सूचना मागवण्यात आल्या. हरकती सगळ्यांनी घेतल्या, सूचना एकानंही केली नाही. प्रतीक्षाची आई पुष्पांजली मिक्सरच्या बाजूनं उभी राहिली. वामनरावांच्या मंडळी कोकिळाबाई औषधांच्या बाजूनं बोलल्या, आणि संपलेल्या औषधांवर जरा जास्तच बोलल्या, कारण डॉक्टरांनी परत तीच लिहून दिली तर नाव कुठून आठवणार? गुलाबराव नोझलची कैफियत मांडायला उठले, पोरीचं तोंड पाहिलं आणि खाली बसले. बंद टीव्हीकडून कोणी बोललं नाही. वामनरावांनी त्याचं मौन हीच हरकत धरली. (स्मृतिचिन्हांवर चर्चा झाली नाही. अध्यक्षांचा मान असतो.)

शेवटी पत्रिकांचा गठ्ठा ठोकून ठोकून सरळ केला, तेव्हा डाव्या कोपऱ्यात जागा निघाली. सगळं घर तिच्याकडे बघत राहिलं. टेबलाचं लाकूड कोणत्या रंगाचं आहे, हे पुष्पांजलीला लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा कळलं.

आता माप. मापायचा टेप घरात होता. तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता, ड्रॉवरसमोर गव्हाची कोठी होती आणि कोठी भरलेली होती. म्हणून कोकिळाबाईंनी हाताची वीत लावली. जागा भरली दीड वीत. वामनरावांनी ते माप मोठ्यानं तीनदा उच्चारलं आणि ठराव मंजूर झाला.

नांदुऱ्याला हरिओमचं दुकान आहे. लॅपटॉप विकणं आणि दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. त्यानं आधी एक पातळ, चपटा नमुना दाखवला. तो टेबलावर सहज बसला असता, पण प्रतीक्षानं दोन मिनिटं बोटं चालवली आणि मान हलवली. त्यात गेम उघडत होता, पण डिंपल दिसेपर्यंत डिंपल मेलेली असायची. मग हरिओमनं आतून दुसरा काढला. काळा, जाडजूड, चारी बाजूंना जाळ्या, बटणांखाली लाल उजेड. तो चालू झाला तेव्हा पिठाच्या गिरणीसारखा घोंगावला. प्रतीक्षानं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर गुलाबरावांना कळली. त्यांनी पहिल्या ट्रॅक्टरकडे तसंच पाहिलं होतं.

"काका, हा गरम होते," हरिओम म्हणाला. "याच्या मागून अन् बाजूनं जागा मोकळी सोडा. हवा लागते याले."

वामनराव चक्रावले. त्यांच्यापुढं आयुष्यात सगळ्या प्रकारचे अर्ज आले होते: घरासाठी, गोठ्यासाठी, पानटपरीसाठी. काहीच न ठेवण्यासाठी जागा कोणी मागितली नव्हती.

"मोकळी?" ते म्हणाले. "मंग ते कोणाच्या नावावर राहीन?"

हरिओमनं जाळ्यांवर फडकं फिरवलं आणि हवेचा अर्ज निकाली निघाला. वामनराव गुलाबरावांना म्हणाले, वीत लाव. गुलाबरावांनी आपला रुंद, चिरा पडलेला पंजा झाकणावर पसरला. बरोबर दीड वीत. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. वामनरावांचे डोळे पाणावले. शासकीय कामात अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा असा मेळ त्यांनी पाहिला नव्हता. चार्जर अर्ध्या विटेएवढा निघाला, पण तो जमिनीवर राहील म्हणून हिशेबात धरला नाही. माउस मुठीत मावतो म्हणून तोही सोडला.

घरी आल्यावर हळदकुंकू लावून लॅपटॉप कोपऱ्यात ठेवला. त्याचा एक चतुर्थांश भाग टेबलाबाहेर लोंबायला लागला.

चूक कोणाचीच नव्हती. जागा कोकिळाबाईंच्या वितीनं मोजली होती आणि लॅपटॉप गुलाबरावांच्या. दोन्ही मापं अचूक होती. आपल्याकडच्या बहुतेक योजना अशाच अचूक मापांवर उभ्या असतात, त्यामुळे वामनराव डगमगले नाहीत. कोणाची वीत ग्राह्य धरावी यावर त्यांनी चौकशी लावली. कोकिळाबाईंचं म्हणणं, टेबल मी रोज पुसते, तर माप माझं. गुलाबरावांचं म्हणणं, माणूस वावर ज्या हातानं मोजतो तोच हात खरा. निकाल लागेपर्यंत लॅपटॉप मिटून कोपऱ्यात सरकवावा आणि तोल जाऊ नये म्हणून त्यावर पत्रिका ठेवाव्यात, अशी तात्पुरती व्यवस्था झाली. (पत्रिकांवर काही ठेवता येत नाही; पत्रिका कशावरही ठेवता येतात.)

या व्यवस्थेचे फायदे लगेच दिसू लागले. झाकण सपाट आणि भक्कम. पत्रिकांशेजारी औषधं चढली, औषधांशेजारी नोझलचा डबा. लॅपटॉपमुळे टेबलाचं क्षेत्रफळ लॅपटॉपएवढं वाढलं, आणि टेबलाला पहिला मजला मिळाला. हा गुण कोणतीच कंपनी जाहिरातीत सांगत नाही. कमी जागेत कोणता गेमिंग लॅपटॉप घ्यावा असं आता वामनरावांना गावात कोणी विचारलं, तर ते ठामपणे सांगत की वरून सपाट असलेला.

प्रतीक्षाला मात्र सराव करायचा होता. त्यासाठी हात धुवून एकेक पत्रिका उतरवायची, मग औषधं, मग डबा. लॅपटॉप पलंगावर नेऊन मांडीवर घ्यायचा. गोधडीनं जाळ्या बंद व्हायच्या, मांड्या भाजायच्या, यंत्र तापून आपणहून झोपी जायचं आणि तिकडं लोणारहून डिंपल कानात रडकुंडीला यायची. शेवटच्या आठवड्यात डिंपल म्हणाली की तुझ्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल. त्या संध्याकाळी प्रतीक्षा वामनरावांसमोर उभी राहिली.

"मोठे बाबा, मले टेबल नोको. मले फक्त बसू द्या कुठंबी."

वामनराव प्रेमानं म्हणाले, की असं कुठंही बसणं यालाच अतिक्रमण म्हणतात, जरा दम धर. तिनं पत्रिका परत लॅपटॉपवर रचून ठेवल्या, आणि ते रचणं त्यांना रात्रभर टोचत राहिलं. पोरीवर त्यांचा जीव होता. स्वतःला मूलबाळ नव्हतं. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसूनच ती गावातला प्रत्येक पोळा बघायची.

अंतिम फेरीच्या दिवशी दुपारी वामनरावांनी ऐतिहासिक निर्णय घेतला. कोणाशी न बोलता त्यांनी आपली सगळी स्मृतिचिन्हं उचलली, एकेक करून ओट्यावर नेली, शेवटचं हातातच राहिलं, आणि टेबल पुसलं. आता कोणाच्याही वितीनं लॅपटॉप मावला असता, हवेसकट. छातीत कुठंतरी दुखलं त्यांना, पण बरंही वाटलं. मग ते अर्जदाराला निर्णय कळवायला निघाले. अर्जदार घरात नव्हता. लॅपटॉपही नव्हता.

ती कांदाचाळीत सापडली. कांद्याला चारी बाजूंनी हवा लागते, नाहीतर तो सडतो, म्हणून गुलाबरावांनी चाळीला भिंतीऐवजी पट्ट्या ठोकल्या होत्या आणि खालून हवा खेळावी म्हणून जमीन उचलून घेतली होती. त्या मोकळ्या जागेवर घरातल्या कोणी कधी हरकत घेतली नव्हती. तिथं टमाट्याची रिकामी कॅरेटं उलटी घालून, पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावरून वायर ओढून, प्रतीक्षा खेळत होती. कॅरेटच्या भोकांतून लॅपटॉप मजेत श्वास घेत होता.

वामनराव शेवटचं स्मृतिचिन्ह हातात घेऊन तसेच दारात थांबले. पडद्यावर काय चाललंय ते त्यांना काडीचं कळलं नाही. ऐकू मात्र आलं. "तू पुढं हो बे, मागं मी हाये," असं पोर कोणालातरी सांगत होती, आणि हा आवाज त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. घरात तिचा आवाज नेहमी जरा जागा विचारल्यासारखा यायचा. त्यांचा ऊर भरून आला. पाठोपाठ थोडा रागही आला, कारण जागा मंजूर झाल्यावर ती घेणं हे अर्जदाराचं कर्तव्य असतं.

तासाभरानं तिनं हेडफोन काढला.

"मोठे बाबा, घेतलं मले त्याईनं."

"टेबल मंजूर झालं व पोरी," वामनराव म्हणाले. 

ती हसली, उठली आणि त्यांच्या पाया पडली. ते स्मृतिचिन्ह त्यांनी तिच्या हातात दिलं. (नाव बरोबर असलेल्या दोनांपैकी होतं.)

प्रतीक्षा पुण्याला गेली, लॅपटॉप घेऊन. पहिल्याच आठवड्यात तिनं व्हिडिओ कॉल लावून आपली जागा दाखवली. प्रत्येकीला वेगळं, लांबलचक टेबल, आणि त्यावर पडदा, कीबोर्ड आणि माउस यापलीकडं काही नाही. सगळं घर फोनभोवती गोळा झालं.

"एवढं मोठं टेबल अन् त्याच्यावर काईच नाही?" कोकिळाबाईंनी घाबरून विचारलं. "जेवू त घालतेत ना तुले बराबर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी एक खोकं पाठवलं: विणलेलं टेबलक्लॉथ, प्लास्टिकच्या फुलांची बरणी आणि थोडी संपलेली औषधं.

इकडं वामनरावांनी रिकामी केलेली जागा प्रतीक्षाच्या नावानं कायमची राखीव झाली. तिथं दुसऱ्या कोणाचं अतिक्रमण होऊ नये म्हणून लॅपटॉपचं रिकामं खोकं ठेवण्यात आलं. ते लॅपटॉपपेक्षा बरंच मोठं आहे, पण त्यावर कोणी हरकत घेतली नाही. दिवाळीला ते नियमित होईल. सध्या त्यावर पत्रिका आहेत.

वाचकानं धामणगावच्या लोकांना हसायला हरकत नाही, घर लहान असलं की असं व्हायचंच. वाचून झाल्यावर हे पुस्तक तुमच्या टेबलावर ठेवा. चार्जर, औषधं आणि मागच्या लग्नसराईतल्या पत्रिका जरा सरकवल्या की बसेल. आणि उठलाच आहात, तर घरातल्या ज्या माणसासाठी ते टेबल आणलं होतं, ते माणूस सध्या कुठं बसतं, तेवढं बघून या.