शिदोबांच्या गाडीस घातलेल्या वेढ्याचे वर्तमान

श्रीगजाननास साष्टांग दंडवत, शारदेस वंदन, आणि ज्या काळ्या पाताळातून डिझेल वर येते त्या पाताळासही दुरून रामराम. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेचे वर्तमान ऐसे जे: घाटाखाली एक राज्य होते. राज्य म्हणजे मंडपाचे. दोनशे कनाती, चौदा शामियाने, सातशे खुर्च्या, नऊ थोर पातेली आणि वेळूंचे एक अरण्य, इतुका सरंजाम. गादीवर तुळाजीराव तात्या. तारुण्यात बैलबाजारी त्यांच्या एका शब्दावर जोड्या विकत आणि एका नाकमुरडीवर पडून राहत. मुतालिकी त्यांच्या पत्नी रंगूकाकूंकडे. तात्यांनी हुकूम द्यावा आणि काकूंनी तो दुरुस्त करावा, ऐसा शिरस्ता. आणि तिसरे पुतणे सदानंद, वय चोवीस. ते दोन वर्षे एका मिस्त्रीपाशी राहून इंजिनाची भाषा शिकून आले होते. परंतु माणसांत बोलावयाचा प्रसंग येता त्यांचा आवाज विहिरीत घागर बुडावी तैसा आत जाई, आणि मग चार लोक निघून गेल्यावर एकट्याने कनातीची दोरी वळताना त्यांस बोलावयाचे सर्व शब्द नीट क्रमाने आठवत.

तेव्हा घाटमाथ्यावरील एका वधूपित्यास तात्यांनी शब्द दिला होता की दशमीचे लग्न, तर नवमीस मंडप उभा. आणि त्याच आठवड्यात राज्याची जुनी गाडी घाटाच्या तिसऱ्या वळणावर गतप्राण जाहली. ती तात्यांनीच रंगावर भाळून घेतली होती, ही गोष्ट दरबारी कोणी काढीत नसे, काकू सोडून. मग मसलत होवोन ठरले की नवी घेण्याचे सामर्थ्य नाही, सबब जुनीच परंतु घाट चढेल ऐसी पाहावी. आणि नदीपलीकडे शिदोबा बागल यांचे घरी एक डिझेल टेम्पो विकाऊ आहे ऐसी खबर लागली, आणि त्रिवर्ग बसने दुपारी तेथे दाखल जाहले.

टेम्पो चिंचेच्या सावलीत उभा होता; सकाळपासून हलला नाही, ऐसे शिदोबा म्हणाले. तात्यांनी प्रथम लांबून पाहिला, मग जवळून, मग डोळे बारीक करोन; आणि जैसे बैलाचे खूर पाहावे तैसी चाके पाहिली, दिव्यांत डोकावून नजर स्वच्छ आहे म्हणाले, पाठीवरून हात फिरवावा तैसा टपावरून फिरविला, आणि मागे जाऊन धूर सोडावयाच्या नळीकडे जे पाहिले ते लिहिण्याजोगे नाही. शिदोबांनी किल्ली फिरविली. गाडी पहिल्याच हाकेस ओ देऊन गुरगुरू लागली. तात्या प्रसन्न जाहले. बोलिले की जनावर अंगाने भरलेले आहे, आवाजात खोकला नाही, नारळ आणवा.

सदानंदांनी मात्र किल्ली फिरण्याआधीच मुकाट्याने पुढे जाऊन, झाकण उघडोन आत तळहात ठेविला होता. इंजिन बंद जाहल्यावर त्यांनी तेल मोजावयाची पट्टी काढिली. तेल काजळाहून काळे निघाले आणि ते पाहोन तात्यांचा आनंद तेथल्या तेथे मावळला, तेव्हा सदानंद हलकेच बोलिले की डिझेलचे तेल काळेच होते, एवढ्या वयाच्या गाडीत तुपासारखे पिवळे निघते तर आपण भ्यावे, कारण मग कोणी कालच बदलून काही झाकले असते. पाणीही पाहिले, त्यात तेलाचा तवंग नव्हता. हे सर्व बरे होते. परंतु तळहातास जे कळले होते ते आतच राहिले, कारण शिदोबा समोर उभे, नारळ आलेला, आणि तात्यांनी हात पुढे केलेला. सदानंदांच्या मनात आले की या क्षणी आपण उगे राहिलो तर नवमीस घाटात सातशे खुर्च्या आणि एक लग्न अडकेल, आणि तात्यांचा शब्द दुसऱ्यांदा त्याच वळणावर पडेल.

"तात्या," ते बोलिले, "गाडी सकाळपासून उभी आहे म्हणतात, आणि किल्ली फिरवण्याआधीच इंजिन गरम होतं."

आवाज इतका लहान होता की शिदोबांस ऐकू गेला नाही, काकूंस गेला. त्या म्हणाल्या, "शिदोबा, पोरगा इचारतोय, उभ्या गाडीला ताप कशानं आला?"

शिदोबांनी चिंचेकडे पाहिले, नदीकडे पाहिले, मग म्हणाले की जरा देवाला जाऊन आलो. कोणत्या देवाला ते सांगेनात. तेव्हा सदानंद खाली पाहत बोलिले की इंजिन गरम असता कोणतेही गोड बोलते, त्याची खरी जात थंडीत उठताना कळते; सबब ते पुरते निवेपर्यंत थांबू. तात्या विस्मित जाहले. विचारले, किती वेळ? उत्तर आले, उद्या पहाटेपर्यंत. नारळ पिशवीत परत गेला, किल्ली ओलीस म्हणोन काकूंनी पदराच्या गाठीत बांधिली, आणि येणेप्रमाणे गाडीस वेढा पडला.

मग शिदोबांनी वेढा फोडावयाचे तीन डाव केले. प्रथम म्हणाले की टेम्पोखाली कोंबडीची पिले शिरली आहेत, गाडी हातभर पुढे घेतो. काकूंनी वाकोन पाहिले आणि पिलांस हातानेच बाहेर काढिले. मग म्हणाले की गाडीतला टेप फार सुरेल आहे, ऐका तरी. तात्यांस मोह जाहला, परंतु काकू म्हणाल्या की मंडपात गाणी बँडवाले वाजवतात. तिसऱ्यांदा दिवे दाखवितो म्हणाले, आणि तेव्हा सूर्य डोक्यावर होता. डाव संपले तेव्हा शिदोबा स्वतःच हसू लागले, आणि शत्रूस उपाशी ठेवणे बरे नव्हे म्हणोन पिठले-भाकरी आणि ठेचा आणविला, आणि वेढा घालणारे व वेढलेले एका पंक्तीस जेवले. तात्यांनी आणि शिदोबांनी सायंकाळवर बैलांच्या गोष्टी केल्या, दोघांच्या ओळखीचा एक खिलार निघाला, त्याच्या आठवणीने दोघेही थोडे गहिवरले, आणि मग ओसरीवर घोंगड्या पडल्या व सर्व निजले. सदानंद मात्र निजण्यापूर्वी एकदा जाऊन गाडीस हात लावून आले. ती निवत होती. त्यांस उगाच वाईट वाटले, की उद्या चार लोकांदेखत तिची परीक्षा आहे, आणि तिच्या बाजूचे कोणी नाही.

पहाटे धुके होते. टपावर दव, चिंचेच्या शेंगांवर दव. तळहात ठेविला तो लोखंड नदीच्या दगडासारखे गार. काकूंनी गाठ सोडिली, शिदोबांनी किल्ली फिरविली. गाडी नुसती घरघरली आणि उगी राहिली. दुसऱ्या खेपेस खोकली, सबंध अंगाने हलली, आणि पुन्हा उगी. तिसऱ्या खेपेस उठली, परंतु काय उठली, खडखडाट ऐसा की कोंबड्या चिंचेवर गेल्या, आणि पांढऱ्या धुराचा लोट ऐसा निघाला की धुक्यास धुके मिळाले व तात्या त्यात दिसेनासे जाहले.

तात्या धुरातून बाहेर आले ते पादत्राणे घालीतच. म्हणाले, "उठताना असा कण्हणारा बैल मी दावणीला बांधत नाही. चला."

काकूंनी पिशवी उचलली. शिदोबा पायरीवर बसले. त्यांनी सांगितले की या खोकल्यापायी तीन गिऱ्हाइके पळाली, म्हणोन गिऱ्हाईक यावयाचे तेव्हा आपण आधी नदीपर्यंत फेरी मारून गाडी तापवून आणितो. लबाडी आहे, पण गाडी लबाड नाही, आणि हे आता कोण मानील?

सदानंद नळीपाशी गुडघे टेकून बसले होते. ते धूर पाहत होते. पान चघळून संपावे इतक्या वेळात पांढरा धूर विरळ जाहला, मग दोरीएवढा, मग नाहीसा. निळा धूर आला नाही, म्हणजे इंजिन आपले तेल आपण जाळीत नव्हते. त्यांनी शिदोबांस एकदा अॅक्सिलरेटर जोराने दाबावयास लाविला. काळा एक झुबका निघाला आणि लागलीच निवळला, तेवढा तर धडधाकट डिझेललाही निघतो. मग चालत्या इंजिनाचे तेलाचे टोपण उघडोन तोंडावर उलटे ठेविले. आतल्या पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्या असत्या तर टोपण उकळत्या भांड्यावरील झाकणासारखे नाचले असते. ते थोडे कापले आणि स्वस्थ बसले. खडखडाटही ओसरला होता, आणि आता गाडी ऐसी एका लयीत बोलत होती की जणू पहाटेचा तो गोंधळ दुसऱ्याच कोणाचा.

सदानंद उठले. तात्या फाटकापाशी पोचले होते. एरवी हे शब्द त्यांस परतीच्या बसमध्ये आठवले असते, आणि खिडकीबाहेर पाहत त्यांनी ते मनातच म्हटले असते. परंतु फाटक उघडले जात होते.

"तात्या, थांबा," ते बोलिले, आणि तो आवाज नदीपलीकडे गेला. "हिला गार असताना उठायला वेळ लागतो, एवढंच. आत चार प्लग आहेत, ते थंडीत ऊब देतात. त्यातला एक मेलाय. तो मी आजच्या आज बदलतो. पोटात काही दुखणं नाही. एकदा उठली की ही थांबायची नाही, घाटात तर नाहीच. माझा शब्द."

तात्या फाटकाशीच वळले. मग काकूंस विचारले, "हा आपलाच ना?"

"आपलाच. आवाज तेवढा माझ्याकडनं घेतलाय त्यानं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडं एवढा नाही कुणाला."

मग तात्या परत आले. जुन्या बैलबाजारी रीत ऐसी की भाव तोंडाने बोलावयाचा नाही. खांद्यावरील उपरणे पसरावयाचे, आणि त्याखाली दोघांनी हात घालोन बोटे दाबून सौदा करावयाचा. तात्यांनी उपरणे काढिले, शिदोबांनी हात घातला, आणि तात्यांनी आपला हात आत नेता नेता मागे घेतला. म्हणाले, "सदा, तू घाल. पारख तुझी, हातही तुझा."

सदानंदांनी हात घातला. शिदोबांनी त्यांची चार बोटे दाबली. त्यांनी दोन परत केली. शिदोबांनी तळहातावर अंगठा टेकला, सदानंदांनी एक बोट मेलेल्या प्लगापोटी मिटले. बाहेर कोणी काही बोलत नव्हते, आणि सदानंदांस जन्मात प्रथमच वाटले की जगातील सर्व महत्त्वाची कामे ऐशीच, एका कापडाखाली, न बोलता उरकता आली तर किती बरे. शिदोबा हसले आणि हात पुरता धरला. सौदा जाहला. नारळ फुटला.

मग नवमीस कनाती, पातेली, वेळू आणि सातशे खुर्च्या लादोन स्वारी घाटास लागली. सदानंद हाकीत होते, शेजारी तात्या, पलीकडे काकू. तिसऱ्या वळणी तात्यांनी डोळे मिटले होते. गाडी वळण चढली. तात्यांनी डोळे उघडले आणि विचारले की हा बारीक शिटीसारखा आवाज येतो तो कशाचा. आणि सदानंद सांगू लागले, आणि मग त्याच्या आतले, आणि त्याच्याही आतले, आणि घाटमाथा आला तरी ते सांगतच होते, आणि तात्या हुंकार देत होते, आणि काकू खिडकीस डोके टेकून सुखाने निजल्या होत्या.

येणेप्रमाणे वेढा एक दिवस चालोन यशस्वी जाहला. उभय पक्षी कोणी दुखावले नाही; भाकऱ्या तेवढ्या पुष्कळ कामी आल्या. मंडप वेळेवर उभा राहिला. जैसे घडले तैसे लिहिले आहे.