असं होऊ नये

शाळेत नवा डिजिटल अभ्यासक्रम कसा आणायचा हे ठरवायला मुख्याध्यापकांनी नियोजन समिती नेमली आणि पालकांच्या वतीनं तिच्यात ठकीच्या आईला घेतलं. याला कारण तिचं शिक्षण नव्हतं. पालकसभेत एकट्या तिनंच प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न विचारणारं माणूस समितीत घातलं की गप्प बसतं, असा मुख्याध्यापकांचा अनुभव होता.

तीही अभ्यासक्रमासाठी गेली नव्हती. गेली होती वाचनालयासाठी. चौथीतली ठकी घरी कान किटेपर्यंत बोलायची आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. अपवाद फक्त वाचनालयाच्या तासाचा. ग्रंथपालबाई तिला खिडकीखाली जवळ घेऊन बसत आणि ठकी त्यांच्या कानाशी, एका माणसाला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात, गोष्ट वाचून दाखवी.

"घाई करू नका," बाईंनी आईला सांगितलं होतं. "कुजबुजतेय ना, मग बोलेलही."

या एका वाक्यावर आई वर्षभर तग धरून होती.

पहिल्याच बैठकीत नव्या विषयाला तास कुठून काढायचे हा प्रश्न आला. गणिताच्या सरांनी गणिताला हात लावू देणार नाही म्हणून सांगितलं. खेळाचे सर म्हणाले, मुलं आधीच फुगत चालली आहेत. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू वाचनालयाकडे वळल्या, कारण ग्रंथपालबाई तेवढ्यात चहा सांगायला बाहेर गेल्या होत्या.

"वाचनालयाची परीक्षा कुठे असते?" गणिताचे सर म्हणाले.

ठकीच्या आईनं घाईनं हात वर केला. "पुढच्या बैठकीला मी आराखडा करून आणते," ती म्हणाली. काम दुसरं कोणीतरी करतंय म्हटल्यावर सगळ्यांनी लगेच मान्यता दिली.

तिनं दोन वेळापत्रकं केली. पहिल्यात डिजिटलला वेगळा तास नव्हताच. ते प्रत्येक विषयात थोडं थोडं पेरलं होतं, बाणबिण काढून, खाली टिपा देऊन. दुसऱ्यात वाचनालय पुसून तिथे डिजिटल बसवलं होतं. चौकोन सुरेख आखले, रंग भरले आणि वर ठळक अक्षरांत मथळा दिला, ‘असं होऊ नये’.

नवऱ्यानं खांद्यावरून वाकून पाहिलं. तो फर्निचरच्या दुकानात होता.

"चुकीचं कशाला दाखवतेस? बरोबर तेवढंच दाखव."

"चूक डोळ्यांसमोर आल्याशिवाय लोकांना कळत नाही."

"अगं, मी सोफे विकतो. नको तो रंग आधी दाखवला की गिऱ्हाईक नेमका तोच घेऊन जातं."

"ही शाळा आहे."

"बरं," नवरा म्हणाला आणि जेवायला बसला.

बैठकीत प्रोजेक्टर लावला. पडदा नव्हता म्हणून चित्र भिंतीवर टाकलं. भिंत पुरेना, त्यामुळे मथळा वर छताला गेला. पहिलं वेळापत्रक बघून सगळ्यांनी डोळे बारीक केले. दुसरं आल्यावर चेहरे उजळले. ग्रंथपालबाई याही वेळी चहा सांगायला गेल्या होत्या.

"हे सुटसुटीत आहे," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी फोन काढून फोटो घेतला.

"सर, हे असं होऊ नये म्हणून दाखवतेय."

"हो हो, आलं लक्षात."

त्या शाळेची एक रीत होती. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर जे रंगवलेलं असेल ते वर्षभर खरं. पेंटर सुट्टीत एकदा येई आणि मुख्याध्यापक सांगतील ते लिहून जाई. एका वर्षी त्याच्याकडून मधली सुट्टी राहून गेली, तर मुलांनी वर्षभर तासाला डबे खाल्ले, पण भिंतीला कोणी बोट लावलं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी भिंतीवर ठकीच्या आईचा तक्ता होता. तिचेच चौकोन, तिचेच रंग. फक्त मथळा नव्हता. आणि खाली, मुख्याध्यापक मनानं चांगले म्हणून, ‘नियोजन : पालक प्रतिनिधी’.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. "सर, चुकीचा तक्ता रंगवलाय."

"चुकीचा कसा? तुम्हीच दिलात."

"त्याच्या वर लिहिलं होतं ना."

मुख्याध्यापकांनी फोन उघडून फोटो दाखवला. फोटोत छत नव्हतं. "वर काहीच नाही, ताई. आणि तो ऑइलपेंट आहे."

तिनं पेंटरला गाठलं. "मी लिहितो," पेंटर म्हणाला. "खोडायचं काम घेत नाही. भिंत खराब दिसते, नाव माझं जातं." गणिताच्या सरांना भेटली. "माझे तास शाबूत आहेत," ते म्हणाले आणि प्रकरण त्यांच्यापुरतं मिटलं.

भिंतीवर आलं म्हटल्यावर वाचनालयाची खोली डिजिटल कक्ष झाली. कपाटं जिन्याखाली गेली, वर ताडपत्री पडली. संगणक पुरवणारा म्हणाला, आधी वायरिंग करा. वायरिंगवाला म्हणाला, संगणक किती ते आधी कळू दे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. तोवर मुलांनी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून त्यावर बोटं ठेवायला शिकावं असं ठरलं, आणि ग्रंथपालबाई रिकाम्याच होत्या म्हणून तो तास त्यांना दिला.

आई त्यांना जिन्यापाशी भेटली.

"बाई, मी तो तक्ता उलट तुमच्यासाठीच..."

"फार रेखीव काढलात हो," बाई म्हणाल्या. "नुसतं एकदा मला विचारायचं होतंत." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ताडपत्रीचं टोक नीट खोचलं आणि तासाला गेल्या.

"आता बाईंना वाचून दाखवत नाहीस?" आईनं घरी विचारलं.

"पुठ्ठ्यावर काय वाचायचं?" ठकी म्हणाली. त्यानंतर ती घरीही मोजकंच बोलायला लागली.

मग निरीक्षक आले. डिजिटल अभ्यासक्रम आणणाऱ्या शाळा ते बघत फिरत होते, आणि संगणक नसूनही तास चालू आहे, हे त्यांना फार आवडलं. पालक प्रतिनिधी म्हणून ठकीची आई वर्गाच्या दाराशी उभी होती. मुलं पुठ्ठे बडवत होती.

"वा," निरीक्षक म्हणाले. "मुलांनो, बाहेर भिंतीवर इतकं सुंदर नियोजन आहे, ते कोणी केलं माहीत आहे?"

शेवटच्या बाकावर एक हात वर गेला. नुसता हात वर करणारी ठकी या वेळी उभीही राहिली.

"माझ्या आईनं," ती म्हणाली. आवाज थेट दारापर्यंत आला. "वाचनालय पण तिनंच बंद केलं."

निरीक्षकांनी कौतुकानं मान डोलावली आणि टाळ्या सुरू केल्या. मग सगळा वर्ग वाजवायला लागला. ग्रंथपालबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मुख्याध्यापक आईच्या कानाशी झुकले. "बघा, ताई. तोंड उघडत नव्हती ना ही? नव्या विषयाचा पहिला गुण."

सगळे वळून तिच्याकडेच बघत होते, म्हणून ठकीच्या आईनंही टाळ्या वाजवल्या.