शालीतलं प्रथिन

नणंदेने दिलेली शाल खरंच रेशमाची आहे का, हा प्रश्न बाईंना महिनाभर छळत होता. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या, त्यामुळे 'असेल बुवा' म्हणून सोडून देणं त्यांना जमेना. नणंद तर येईल-जाईल त्याला ऐकवायची, "वहिनींना अस्सल रेशीम दिलंय हो!"

आज चार वाजता ती येणार होती. साडेतीनला बाईंना राहवेना. त्यांनी शालीच्या कडेचा एक धागा काढला, चिमट्यात धरला आणि मेणबत्ती पेटवली.

"हे काय चाललंय?" नवरा दारातूनच म्हणाला.

"रेशीम म्हणजे प्रथिन. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि वर नायट्रोजन. जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. नकली रेशीम लाकडाच्या लगद्याचं, म्हणजे कर्बोदक. त्यात नायट्रोजन नसतो. त्याला जळक्या कागदाचा वास."

वास आला. केसांचाच! बाईंनी शाल कुरवाळली. "अस्सल निघाली हो! आणि मी मेली उगाच संशय घेत बसले."

"अगं, धागा अजून पेटलेलाच नाही. तुझी बट जळतेय!"

बट विझली, पण प्रयोग बाद झाला. दुसरा धागा काढणं आलं. तो निघेना म्हणून बाईंनी जरा जोर लावला, तर तो येतच राहिला. शालीची कड सर्रकन आवळली आणि मधे बोटभर फट पडली. तेवढ्यात बेल वाजली.

टेबलावर मेणबत्ती, मांडीवर चुरगळलेली शाल, घरभर जळका वास. लपवणार तरी काय काय?

"वन्सं, मी... मला फक्त बघायचं होतं, ती प्रथिन आहे का ते."

नणंद शालीकडे बघत खुर्चीत टेकली. मग हळूच म्हणाली, "मग? कळलं?"

"अं?"

"अहो, मलाही ती भेटच आलेली. मीपण एक धागा जाळला होता. हे बघा, इथे शिवलंय. पण वास कसला, ते काही उमजेना. म्हटलं, वहिनींना देऊ, त्या छडा लावतील. महिनाभर 'अस्सल, अस्सल' म्हणून टोचतेय, तर तुम्ही आपल्या ढिम्म!"

दोघींनी केस घट्ट बांधले आणि धागा ज्योतीवर धरला.

"कागद!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"म्हणजे कर्बोदक," बाई पडेल आवाजात म्हणाल्या.

"बरं झालं बाई तुम्हाला दिली," नणंद म्हणाली. "डॉक्टरांनी मला नेमकं तेच बंद करायला सांगितलंय."