तळाला भोक असलेलं जहाज

निवृत्तीआप्पांच्या हातात भांडं दिलं, की ते आधी उलटं करून तळ बघतात. भोक कुठं पाडता येईल, याचा अंदाज घेतात. आमच्याकडं चहाला आले, की कप रिकामा होईपर्यंत माझा जीव टांगणीला.

हे खूळ जहाजानं लावलं. आप्पा कारेगावच्या एका वर्कशॉपात वेल्डर. तिथून त्यांना कोकणातल्या गोदीत पाठवलं. जुन्या मालवाहू जहाजाचं खोल समुद्रात बोअर घेणारं जहाज करायचं होतं. शास्त्रज्ञांना समुद्राच्या तळाखालची माती हवी होती. वर्षभर राबून आप्पा गावी, वडगाव रासाईला परतले आणि दूध डेअरीवर बोलून बसले, "जहाजाच्या मधोमध आरपार भोक पाडलं आमी. त्यातनंच पाइप खाली सोडत्यात."

"आन् बुडलं न्हाई?"

"न्हाई."

"बरं, बोअरला पाणी तरी लागलं का?"

"आरं, वर समदं पाणीच हाय! माती काढायचीय."

मातीसाठी समुद्रात बोअर! डेअरीवर हशा पिकला. तेव्हापासून गावात थापेला 'आप्पाचं जहाज' म्हणतात. दुसरा कुणी गप्प बसला असता. आप्पा उलट ताठ झाले. हसेल त्याला सुनवायचे, "माप घिऊन बोल!" मीही हसलो होतो, आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो.

शेवटी त्यांनी गुऱ्हाळातली जुनी काहील आणली, गूळ कढवायची ती भलीमोठी कढई. तळाला ताटाएवढं भोक पाडलं आणि भोकाच्या कडेनं कमरेएवढ्या उंचीचा पाइप उभा वेल्ड केला. "पाणी पाइपात नदीच्या पातळीपत्तूर चढंल आन् थांबंल. भाईर येतंय कशाला?"

रविवारी सकाळी अख्खं गाव भीमेवर. आप्पा काहिलीत पाय टाकणार, तोच त्यांची बायको, कौसाकाकू, पदर खोचून आधी आत जाऊन बसल्या. "हसा आता," त्या गावाला म्हणाल्या. "बुडलो तर दोघं बुडू."

आप्पांचा चेहरा उतरला. "खाली उतर, कौसा."

"का? तुमी सांगितलं त्ये खरं हाय न्हवं?"

"खरं हाय."

"मग ढकला."

आप्पांनी ढकललं नाही. कुणाच्या तरी ट्रॅक्टरची ट्यूब ओढून आणली आणि काकूंच्या डोक्यावरून काखेपर्यंत सरकवली. गर्दीतून आवाज आला, "आप्पा, सोताच्या कामावर भरवसा न्हाई व्हय?"

"कामावर हाय," आप्पा ट्यूबची हवा चाचपत म्हणाले. "पर मला ही एकच हाय."

कुणी हसलं नाही. मला माझीच लाज वाटली.

मग आप्पाही आत बसले आणि पोरांनी काहील पाण्यात ढकलली. पाइपात पाणी चढलं, आणि थांबलं. काठावर शिट्ट्या झाल्या. आप्पांनी पाइपाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ट्यूब धरून ठेवली होती.